अदृश्य किरण आणि आतड्याचें अस्तर

श्रोतेहो, मनुष्यदेहांतील सर्वांत अल्पायुषी वस्त्र कोणतें, असा प्रश्न कोणीं केला तर त्याचें उत्तर त्वचा हें नव्हे. लहान आतड्याच्या आंतील अस्तर हें होय. अंगावरचा सदरा कांहीं महिने टिकतो, त्वचेचा वरचा थर कांहीं आठवडे टिकतो. परंतु आतड्याचें हें अस्तर तीन ते पांच दिवसांत झिजून गळून पडतें आणि त्याच्या जागीं नवें आलेलें असतें. मनुष्य झोपलेला असो वा जागा, उपाशी असो वा जेवलेला, हें काम जन्मभर अखंड चालतें. याच अस्तराच्या नशिबीं एका अदृश्य शक्तीशीं गांठ पडण्याचा प्रसंग गेल्या सव्वाशें वर्षांत आला. त्या प्रसंगाचा इतिहास येथें सांगावयाचा आहे.

प्रथम या अस्तराची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. लहान आतड्याच्या आंतल्या बाजूस मखमलीसारखी लव दिसते. ही लव म्हणजे अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे असंख्य अंकुर. या अंकुरांवर पेशींचा एकच थर असतो. अन्नांतील सार हाच थर शोषून घेतो, आणि आतड्यांतील जंतूंना रक्तांत शिरूं न देणारी भिंतही हाच थर होय. अंकुरांच्या बुडाशीं सूक्ष्म खळगे असतात. नव्या पेशी जन्मतात त्या या खळग्यांत. तेथून त्या एकीमागून एक वर सरकत जातात, अंकुराच्या टोकापर्यंत पोंचतात, आणि आपलें काम संपलें कीं तेथून गळून पडतात.

जालना जिल्ह्यांत, परतूर तालुक्यांत, जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाटूर नांवाचें गांव आहे. मराठवाड्यांतील अशा गांवांतून पूर्वीं ज्वारी जमिनींतल्या पेवांत साठवीत. समजा, शेतांत पीक हिरवेंगार उभें आहे, आणि पेवांतलें बियाणें मात्र कोणाच्या नकळत करपून गेलें. त्या दिवशीं गांवांत कोणासही कांहीं कळणार नाहीं. पीक वाढेल, कणसें भरतील, कापणीही होईल. अनर्थ उघडा पडेल तो पुढच्या पेरणीच्या वेळीं. किरणांचा आतड्यावरील परिणाम अगदीं याच जातीचा आहे. ते उभ्या पिकाला सहसा हात लावीत नाहींत. ते पेवांतलें बियाणें मारतात. ही एक गोष्ट उमगण्यास विज्ञानाला सुमारें पन्नास वर्षें लागलीं, आणि तेवढ्या अवधींत तिची किंमत पुष्कळांना मोजावी लागली.

जर्मनींतील वुर्झबुर्ग येथें विल्हेल्म राँटगेन यानें ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं क्ष-किरणांचा शोध लावला. मांसांतून आरपार जाऊन हाडांची छाया दाखविणाऱ्या या किरणांनीं साऱ्या जगाला वेड लावलें. डॉक्टर आणि कारागीर तासन् तास नळीसमोर उभे राहूं लागले. थोड्याच दिवसांत त्यांच्या हातांची कातडी लाल झाली, केस झडले, जखमा झाल्या. ही इजा डोळ्यांना दिसणारी होती, म्हणून ती लवकर ध्यानांत आली. पोटाच्या आंत काय होत आहे, हें कोण पाहणार? तरी डेव्हिड वॉल्श या इंग्रज वैद्यानें १८९७ सालींच, म्हणजे शोधाला दोन वर्षेंही पुरीं झालीं नाहींत तोंच, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें एक निबंध लिहून शरीराच्या खोल भागांनाही हे किरण इजा करतात, अशी सूचना दिली. किरणांजवळ काम करणाऱ्या एका मनुष्याच्या पोटांत दुखूं लागलें व जुलाब होऊं लागले. तो कामापासून दूर राहिला कीं बरा होई. आणि पोटावर शिशाचें आवरण घेतल्यावर त्याची तक्रार थांबली. केवढी सरळ, केवढी बोलकी नोंद! परंतु नव्या शोधाच्या उत्साहांत तिच्याकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं.

पुढचें पाऊल फ्रान्समध्यें पडलें. बोर्दो येथील बेर्गोनिए व त्रिबोंदो या दोघांनीं १९०६ सालीं उंदरांच्या वृषणांवर केलेल्या प्रयोगांवरून एक नियम मांडला. ज्या पेशी जलद विभागतात, ज्यांना पुढें अनेकदां विभागावयाचें असतें, आणि ज्यांनीं अद्याप आपलें कायमचें रूप धारण केलेलें नसतें, त्या पेशींवर किरणांचा घाव सर्वांत मोठा बसतो, हा तो नियम. कर्करोगाच्या पेशी अशाच जलद वाढणाऱ्या असतात. म्हणून किरणांनीं त्यांचा नाश करतां येईल, ही आशा या नियमानें बळावली. परंतु हाच नियम दुसरीही एक गोष्ट सांगत होता, आणि ती तितकीशी सुखाची नव्हती. निरोगी शरीरांत सर्वांत जलद विभागणाऱ्या पेशी आतड्याच्या खळग्यांतच आहेत. म्हणजे शत्रूवर सोडलेला बाण घरच्याच मुलांना लागणार होता. १९१२ सालीं क्लोद रेगो, नोजिए व लाकासान्य यांनीं कुत्र्यांच्या आतड्यावर किरण सोडून हें प्रत्यक्ष दाखविलें.

या प्रश्नाचा खरा उलगडा १९२२ सालीं अमेरिकेंत झाला. जॉर्ज व्हिपल व स्टॅफर्ड वॉरन या संशोधकांनीं कुत्र्यांच्या पोटावर क्ष-किरणांची मोठी मात्रा दिली. पहिला दिवस, दुसरा दिवस, जनावर जवळजवळ धडधाकट दिसे. नंतर उलट्या व जुलाब सुरू होत, आणि चौथ्या दिवसाच्या सुमारास तें मरे. तेवढीच मात्रा छातीवर दिली असतां हा प्रकार घडत नसे. म्हणजे दोष आतड्याचा, हें निश्चित झालें. मृत जनावराचें आतडें उघडून पाहिलें तों आंतील अस्तर जवळजवळ नाहींसें झालेलें. खळग्यांतील पेशींचा तर नाशच झालेला. मधले दोन निरोगी दिवस कोठून आले, याचा अर्थ आज सहज लागतो. ते उभ्या पिकाचे दिवस होते. जुन्या पेशी आपलें आयुष्य संपेपर्यंत काम करीत राहिल्या. त्या गळून पडल्या तेव्हां त्यांची जागा घेण्यास कोणीच नव्हतें. शोषणाचा पृष्ठभाग गेला, शरीरांतील पाणी व क्षार वाहून गेले, आणि भिंत पडल्यामुळें जंतू रक्तांत शिरले.

व्हिपलला पुढें १९३४ सालीं दुसऱ्या एका संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. वॉरनच्या नशिबीं मात्र आपल्याच प्रयोगाचा भयंकर पडताळा पाहणें आलें. महायुद्धांत अणुबाँब तयार करणाऱ्या अमेरिकेच्या गुप्त योजनेच्या वैद्यकीय विभागाचा तो प्रमुख झाला. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं हिरोशिमावर आणि ९ ऑगस्ट रोजीं नागासाकीवर बाँब पडले. हिरोशिमाच्या दळणवळण खात्याच्या रुग्णालयाचे प्रमुख डॉ. मिचिहिको हाचिया स्वतः जखमी झाले होते. त्यांनीं त्या दिवसांची रोजनिशी लिहिली आहे. अंगावर भाजल्याची मोठी खूण नसलेल्या माणसांनाही उलट्या होत, अन्न जात नसे, आणि मग रक्तमिश्रित जुलाब सुरू होत. डॉक्टरांना वाटलें, ही आमांशाची साथ आहे. म्हणून रोग्यांना वेगळें ठेवण्याची व्यवस्था करण्यांत आली. साथ नव्हती, जंतूंचा संसर्गही मूळ कारण नव्हता. १९२२ सालीं प्रयोगशाळेंत दिसलेलें चित्र माणसांच्या देहांत उमटत होतें. परंतु तें ओळखण्यास लागणारें ज्ञान त्या पोळलेल्या शहरांतील वैद्यांपाशीं पोंचलेलें नव्हतें. त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्यें पाहणीपथक घेऊन वॉरन जपानांत गेला. विज्ञानाच्या इतिहासांत अशा भेटी थोड्या आहेत.

किरणांचा मारा झालेल्या मनुष्यास हगवण लागली आणि वैद्यानें ती साधी हगवण समजून औषध दिलें, ही गोष्ट श्रोत्यांनीं विसरूं नये. तिचा संबंध पुढें मराठवाड्याशीं येणार आहे.

युद्धानंतर शोधांना वेग आला. कॅनडांतील लब्लाँ व स्टीव्हन्स यांनीं १९४८ सालीं आतड्याचें अस्तर सतत नवें होत असतें हें उंदरांवर मोजून दाखविलें. हेन्री क्वास्टलर यानें १९५६ सालीं आतड्यामुळें येणाऱ्या या मृत्यूचें स्वरूप स्पष्ट केलें. उंदरांना दिलेली मात्रा बरीच वाढविली तरी ते तीन-चार दिवसांच्या सुमारासच मरतात. कारण मरणाचा दिवस मात्रेवर ठरत नसून जुन्या पेशींच्या आयुष्यावर ठरतो. १९७० सालीं विदर्स व एल्काइंड यांनीं आशेची बाजू पुढें आणली. खळग्यांतील एखादी जरी मूळपेशी वांचली तरी तिच्यापासून सबंध खळगा पुन्हां उभा राहतो, आणि असे वांचलेले खळगे मोजून किरणांच्या घावाचें मापही काढतां येतें. नेदर्लंड्समधील हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेनें २००७ सालीं ही मूळपेशी नेमकी कोणती, तें ओळखण्याची खूण शोधून काढली. पेवांतलें बियाणें अखेर ओळखूं आलें.

आतां महाराष्ट्राकडे वळावयाचें. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या, आणि पुढच्याच वर्षीं सर दोराबजींचाही अंत झाला. त्यांनीं ठेवलेल्या न्यासाच्या द्रव्यांतून मुंबईस परळ येथें टाटा मेमोरियल रुग्णालय उभें राहिलें. २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर रॉजर लमली यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. वाटूरची जमीन त्या वेळीं निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होती. १९६२ सालीं या रुग्णालयाचा कारभार केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे गेला. ज्या शक्तीनें हिरोशिमा बेचिराख केलें, तीच शक्ति राबवून माणसें वांचविण्याचें काम त्या खात्याच्या छायेखालीं चालूं लागलें.

महाराष्ट्रांतील ग्रामीण स्त्रियांना ग्रासणाऱ्या कर्करोगांत गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग हा एक प्रमुख आहे. त्यावर किरणोपचार हा उत्तम इलाज ठरला. परंतु ओटीपोटांत गर्भाशयाच्या शेजारीं लहान आतड्याचीं वेटोळीं लोंबत असतात. गर्भाशयावर रोखलेले किरण त्यांच्यावरही पडतात. शस्त्रक्रियेनें गर्भाशय काढून टाकलें असेल तर पेंच आणखी वाढतो. कारण रिकाम्या झालेल्या जागेंत आतडें खालीं उतरतें, कधीं तेथेंच चिकटून बसतें.

मग या स्त्रिया वांचतात कशा? याचें श्रेय फ्रान्समधील रेगो व त्याचा सहकारी आंरी कुतार यांच्या एका युक्तीला आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळांत त्यांनीं दाखविलें, कीं मात्रा एकदम न देतां थोडी थोडी करून अनेक दिवसांत दिली तर रोग मरतो आणि निरोगी भाग सांवरतो. किरणांची मात्रा ग्रे या एककांत मोजतात. साऱ्या शरीरावर एका दमांत सुमारें दहा ग्रे पडले तर आतड्याचें अस्तर उद्ध्वस्त होतें. परंतु ओटीपोटाला सुमारें पन्नास ग्रे देतात ते रोज दोन ग्रेच्या आसपास, असे पांच आठवडे. मधल्या रात्रींत वांचलेल्या मूळपेशी आपली डागडुजी करतात. तरीही उपचाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यांत पुष्कळ स्त्रियांना जुलाब, मुरडा, मळमळ हा त्रास होतो. तो बहुधा औषधांनीं आवरतो, आणि उपचार संपल्यावर कांहीं आठवड्यांत अस्तर भरून येतें. या त्रासाला भिऊन उपचार अर्ध्यावर टाकणें मात्र घातक ठरतें. कारण उपचार लांबला कीं रोगाच्या पेशींनाही सांवरण्यास सवड मिळते.

याहून कठीण प्रकार उशिरा उद्भवतो. महिन्यांनीं, कधीं वर्षांनीं, आतड्याच्या भिंतींतील बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात, भिंत घट्ट व ताठर बनते, मार्ग आंकुंचन पावतो. शौचावाटे रक्त जातें. अन्नाचें सार पुरतें शोषलें जात नाहीं. आतड्याच्या शेवटच्या भागांत ब-१२ हें जीवनसत्त्व व पित्तांतील क्षार शोषले जातात. तो भाग बिघडला तर जुलाब हटत नाहींत आणि अशक्तता व रक्तक्षय वाढतो. कर्करोग गेलेला असतो, पण सुख परत आलेलें नसतें. अनेक वर्षें डॉक्टर या दुःखाकडे प्राण वांचविल्याची किंमत म्हणून पाहत. आणि जी किंमत अटळ मानली जाते, ती कमी करण्याचा यत्न सहसा कोणी करीत नाहीं.

परळच्या रुग्णालयानें तो यत्न केला. यंत्रशास्त्र पुढें गेलें होतें. गणकयंत्राच्या साहाय्यानें किरणांच्या झोताची तीव्रता जागोजाग कमी-अधिक करून आतड्यावरचा भार हलका करतां येऊं लागला होता, आणि रोजच्या उपचारापूर्वीं आंतील चित्र घेऊन नेम तपासतां येऊं लागला होता. पण ही पद्धति खर्चाची. तिनें रोग्याचें खरोखर हित होतें कीं नुसती यंत्राची ऐट वाढते? डॉ. सुप्रिया चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०११ ते २०१९ या काळांत, शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार लागणाऱ्या ३०० स्त्रियांवर याची कसोटी घेतली. चिठ्ठी टाकावी त्याप्रमाणें दोन गट पाडले. एकास जुनी पद्धति, दुसऱ्यास नवी. २०२१ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. तीन वर्षांच्या अखेरीस जुन्या पद्धतीच्या गटांत शंभरांतील सुमारें ४२ स्त्रियांना आतड्याचा मध्यम किंवा त्याहून तीव्र उशिराचा त्रास झालेला होता. नव्या गटांत तो सुमारें २१ स्त्रियांना झाला. रोग आवरण्यांत दोन्ही पद्धति सारख्याच उतरल्या. अटळ मानलेली किंमत निम्म्यावर आली. ही कसोटी येथल्याच स्त्रियांवर, येथल्याच वैद्यांनीं घेतली, आणि तिचा निकाल जगांतील वैद्यांना उपयोगी पडला, ही गोष्ट सामान्य नव्हे.

तथापि शंभरांत २१ हा आंकडाही लहान नाहीं. आतड्याला किरणांपासून वांचविण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे किरणांची गरजच पडूं न देणें. त्याचाही पाठ मराठवाड्याच्याच भूमींत गिरविला गेला. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांत १९९९ पासून खेड्यापाड्यांतील ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांची मोठी पाहणी झाली. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाचा व टाटा रुग्णालयाचा तींत हात होता. या रोगाचें मूळ असलेल्या विषाणूची एकच चांचणी केलेल्या गटांत पुढें गेलेला रोग व त्यामुळें होणारे मृत्यू सुमारें निम्म्यानें घटले, असें २००९ सालीं दिसून आलें. रोग अंकुरावस्थेंतच सांपडला तर लहानशा उपायानें भागतें. ओटीपोटावर पन्नास ग्रे घेण्याची पाळी येत नाहीं.

वाटूरसारख्या गांवांतील स्त्रीला एके काळीं किरणोपचारासाठीं मुंबईची दूरची वाट धरावी लागे. छत्रपति संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयामुळें २०१२ पासून ती वाट पुष्कळ जवळ आली. पण रुग्णालयांतून परत आल्यावर तिचें पुढचें आयुष्य गांवांतच जातें. चार-पांच वर्षांनीं तिला जुलाब लागले, अशक्तता आली, तर ती जवळच्या डॉक्टरकडे जाते. तिला वाटतें, जुन्या उपचाराचा आतां काय संबंध? डॉक्टरलाही कोणीं सांगितलेलें नसतें. मग पाण्याचा दोष, जंत, आमांश अशीं निदानें होतात, गोळ्या दिल्या जातात आणि मूळ कारण तसेंच राहतें. १९४५ सालीं हिरोशिमांत झालेली चूक अशा रीतीनें एखाद्या शांत गांवांत, एका घरांत, कोणाच्याही नकळत पुन्हां होऊं शकते. तेथें वैद्यांपाशीं ज्ञानच नव्हतें. येथें ज्ञान आहे, पण माहिती एका हातांतून दुसऱ्या हातांत गेलेली नाहीं, एवढाच फरक.

उपाय साधा आहे. किरणोपचार घेतलेल्या रोग्यानें उपचाराचे कागद जमिनीच्या सात-बाराच्या उताऱ्याइतकेच जपून ठेवावे. पोटाची कोणतीही तक्रार झाली तर, मग मध्यें कितीही वर्षें लोटलेलीं असोत, प्रथम तेच कागद डॉक्टरपुढें ठेवावे. डॉक्टरनेंही हगवणीच्या रोग्याला पूर्वीं कधीं किरणोपचार झाला होता काय, हा एक प्रश्न विचारावा. घरच्या माणसांनींही लाज वा विस्मरण यांमुळें ही गोष्ट झांकून ठेवूं नये. वॉल्शची नोंद दुर्लक्षिली गेली. हिरोशिमांतील वैद्यांपर्यंत १९२२ सालचा प्रयोग पोंचला नाहीं. या सव्वाशें वर्षांत ज्ञान कमी पडलें त्यापेक्षां तें योग्य वेळीं योग्य मनुष्यापाशीं पोंचलें नाहीं, असेंच अधिक वेळां घडलें. तेवढें अंतर तोडणें हें प्रयोगशाळेचें काम नव्हे; तें प्रत्येक घराचें व प्रत्येक दवाखान्याचें काम आहे.